कोण कोणाच्या जोडीने काम करतं? ओपन सोर्समधल्या माणसांचं जाळं वाचण्याची रीत

नागपूरच्या धंतोलीत इस्पितळांची एवढी दाटी आहे की इथे सॉफ्टवेअरचा विषय निघाला, की गाडी बिलिंग, औषधांचा साठा नाहीतर रुग्णांच्या नोंदी यांवर येऊन थांबते. दरवर्षीच्या परवाना-शुल्काला कंटाळलेले व्यवस्थापक ओपन सोर्सची चौकशी करतात आणि त्यांचा पहिला प्रश्न रास्त असतो : ‘हे फुकट आहे ते ठीक, पण उद्या अडलं तर मागे उभं कोण आहे?’ विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरबाबत या प्रश्नाचं उत्तर विक्रेत्याच्या तोंडून ऐकावं लागतं. ओपन सोर्समध्ये ते स्वतः तपासता येतं, कारण कोणत्या दिवशी कोणी कोणती ओळ लिहिली, कोणी ती तपासली आणि कोणी स्वीकारली याची नोंद सर्वांसाठी उघडी असते.

दुसरीकडे आपल्या नागपुरातल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘नेटवर्क ॲनालिसिस’ हा विषय आवडतो. एखाद्या प्रकल्पाच्या नोंदी उतरवायच्या, पायथनमध्ये नेटवर्क-एक्स चालवायचं, गेफीत रंगीत जाळं काढायचं आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायचं, इथपर्यंत बहुतेक जण पोचतात. त्या चित्रावरून काय कळलं, असं परीक्षकांनी विचारलं की मात्र गाडी अडते. हा लेख या दोघांसाठी आहे. जाळं काढणं हे दोन दिवसांचं काम आहे. जाळ्यातली एक रेषा म्हणजे नेमकं काय, हे ठरवण्यात खरी मेहनत आहे आणि तिथे घाई केली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो.

उदाहरण म्हणून ईआरपीनेक्स्ट घेऊ या. रुशभ मेहता यांनी मुंबईत 2008 साली सुरू केलेल्या कामातून हे सॉफ्टवेअर उभं राहिलं. आज फ्रॅपे ही कंपनी ते सांभाळते आणि ते जीपीएल परवान्याखाली खुलं आहे. हिशेब, साठा, खरेदी-विक्री, उत्पादन असा त्याचा पसारा. आपल्या राज्यात जन्मलेला, जगभर वापरला जाणारा आणि वर्षानुवर्षांचा इतिहास खुला असलेला प्रकल्प सरावासाठी याहून चांगला मिळणं कठीण. शिवाय त्याच्या कोडची रचना अशी आहे की या कामातले जवळजवळ सगळे खड्डे तिथे एकाच जागी भेटतात.

सुरुवात प्रश्नापासून करा. इस्पितळाच्या व्यवस्थापकाला हवं असतं ते एवढंच : एक-दोन माणसं निघून गेली तर प्रकल्प बंद पडेल का? नव्याने काम करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न वेगळा : मी कुठून आत शिरू, माझा पहिला बदल कोण वाचेल? अभ्यासकाला आणखी तिसरंच हवं असतं : कोडच्या ज्या भागांचा एकमेकांशी संबंध आहे, त्या भागांवरची माणसं एकमेकांशी बोलतात का? तीन प्रश्नांना तीन वेगळ्या रेषा लागतात. पहिल्यासाठी ‘कोणाचा हात कोणत्या फाइलवर आहे’ हे पुरतं. दुसऱ्यासाठी ‘कोण कोणाचा बदल तपासून स्वीकारतो’ हे हवं आणि तिथे रेषेला दिशाही हवी. तिसऱ्यासाठी दोन्ही लागतात, वर इश्यूंवरची चर्चाही. धंतोलीत राहणाऱ्याला हा फरक वेगळा समजावायला नको. इस्पितळाबाहेरच्या पाटीवर बारा डॉक्टरांची नावं एकाखाली एक असतात, पण कोण कोणाकडे रुग्ण पाठवतो ते पाटीवरून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या पाहाव्या लागतात.

आता नोंदी उतरवणं. रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा इतिहासासकटचा साठा, क्लोन करताना वेळ वाचावा म्हणून पुष्कळ जण फक्त शेवटची अवस्था उतरवतात. तसं केलंत तर इतिहासच हाती येत नाही. संपूर्ण इतिहास घ्या. फाइलींचा मजकूर नको असेल तर गिटमध्ये तो वगळून क्लोन करण्याची सोय आहे, त्याने इंटरनेटचा आणि डिस्कचा भार बराच हलका होतो. मग ‘गिट लॉग’ला सांगून प्रत्येक कमिटसाठी, म्हणजे नोंदलेल्या प्रत्येक बदलासाठी, पाच गोष्टी काढा : लेखकाचं नाव, त्याचा ईमेल, कमिटरचं नाव, तारीख आणि हात लागलेल्या फाइलींची यादी. मर्ज कमिट वगळा. साध्या लॅपटॉपवर हे आरामात होतं. स्वतः लिहायचं नसेल तर पायड्रिलर किंवा परसेव्हल ही तयार पायथन साधनं हेच काम करतात.

या पाच गोष्टींत ‘लेखक’ आणि ‘कमिटर’ ही जोडी मोलाची आहे आणि नवखे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या गरजेपोटी. तिथे बदल लिहिणारा एक आणि तो मुख्य कोडमध्ये घेणारा दुसरा अशी पद्धत होती, म्हणून गिट प्रत्येक कमिटमध्ये दोन्ही नावं वेगवेगळी ठेवतं. कर्नलच्या नोंदींत ही दोन नावं आणि खालच्या ‘साइन्ड-ऑफ-बाय’, ‘रिव्ह्यूड-बाय’ या ओळी वाचल्या, की कोणाचं काम कोणाच्या हातून पुढे जातं त्याचा माग जवळजवळ आयता मिळतो. गिटहबवर मात्र वेबपानावरचं बटण दाबून मर्ज केलं, की कमिटरच्या जागी खुद्द ‘गिटहब’ असं नाव येतं. हे लक्षात न घेता जाळं काढलं, तर मधोमध ‘गिटहब’ नावाचा एक महाप्रचंड सहकारी बसलेला दिसेल. अशा प्रकल्पात तपासणाऱ्यांची नावं पुल रिक्वेस्टच्या माहितीतून वेगळी आणावी लागतात. अनेक कमिट दाबून एकच करण्याची प्रथा असेल, तर सहलेखकांची नावं संदेशाच्या तळाशी ‘को-ऑथर्ड-बाय’ या ओळीत उरलेली असतात. तीही वाचा.

यानंतर नावं एकत्र करणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. एकच माणूस कॉलेजच्या ईमेलने, नोकरीच्या ईमेलने आणि गिटहबने दिलेल्या निनावी पत्त्याने लिहितो, आणि संगणकाला तिथे तीन माणसं दिसतात. परदेशी लेखांत सुचवलेला उपाय असतो : नाव सारखं असेल तर एकच माणूस धरा. आपल्याकडे तो धोक्याचा आहे. पाटील, देशमुख, कुलकर्णी, शर्मा या आडनावांची आणि चालू पहिल्या नावांची जोडी घेतली, तर दोन खरी वेगळी माणसं सहज एक होतात. उलट बाजूने, कोणी वडिलांचं नाव मध्ये लिहितं, कोणी फक्त आद्याक्षरं लिहितं, आणि लग्नानंतर आडनाव बदललेली प्रोग्रामर नोंदींत अचानक नाहीशी होऊन दुसऱ्या नावाने नव्याने उगवते. तिची आठ वर्षांची जुनी मुळं मग चित्रात दिसतच नाहीत. म्हणून निदान वरची पन्नास-साठ नावं तरी हाताने जुळवा. कोणत्या कारणाने दोन नावं एक धरली, ते शेजारच्या रकान्यात लिहा. गिटची ‘मेलमॅप’ नावाची फाइल याचसाठी असते. प्रकल्पात ती असेल तर आधी तीच वापरा.

बॉट काढून टाका. भाषांतरं चढवणारे, अवलंबित्वं अद्ययावत करणारे, एका शाखेतला बदल दुसऱ्या शाखेत नेणारे असे अनेक यांत्रिक खातेदार आज बहुतेक मोठ्या प्रकल्पांत आहेत. ईआरपीनेक्स्टमध्ये मुख्य शाखेतली दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांच्या शाखांमध्ये बॉटच्या मदतीने नेली जाते. सगळ्या शाखा एकत्र मोजल्या तर तोच बदल दोनदा-तीनदा मोजला जातो. पहिल्या खेपेला फक्त मुख्य विकासाची शाखा घ्या.

आता मूळ मुद्दा, रेषेचा. ‘दोघांनी एकाच फाइलला हात लावला, म्हणजे ते सहकारी’ हा सर्वांत प्रचलित नियम. ईआरपीनेक्स्टवर तो आंधळेपणाने लावून पाहा. तिथे आधीपासून साठवलेल्या डेटात बदल घडवणारी दुरुस्ती ‘पॅचेस’ नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये एक ओळ वाढवते. हिशेबावर काम करणारा आणि उत्पादनावर काम करणारी, दोघंही तिथे आपापली ओळ घालून जातात. त्यांची कधी गाठ पडलेली नसते. समजा, एका फाइलला चाळीस जणांचे हात लागले. नियम असा, की प्रत्येकाची प्रत्येकाशी रेषा. म्हणजे एकट्या त्या फाइलमधून 780 रेषा निघाल्या. तुमच्या जाळ्यात जे घट्ट, सुंदर केंद्र दिसतंय ते बहुधा असंच तयार झालेलं असतं.

तीच गोष्ट ‘डॉकटाइप’ची. ईआरपीनेक्स्टमध्ये विक्रीचं बिल, साठ्याची नोंद, ग्राहक अशा प्रत्येक दस्तऐवजाची एक डॉकटाइप असते आणि तिच्या फोल्डरमध्ये साधारणपणे एक पायथनची, एक जावास्क्रिप्टची आणि एक जेसनची फाइल असते. तर्क पायथनमध्ये, रकान्यांची व्याख्या जेसनमध्ये. एखाद्या रकान्याची जागा हलवली तरी जेसन बदलते आणि तिच्यात शेवटच्या फेरफाराची वेळ नव्याने नोंदली जाते. जेसनवरून काढलेली रेषा म्हणूनच फार कच्ची. पायथनच्या फाइलमध्ये एकाच फंक्शनला पाठोपाठ हात लावणाऱ्या दोघांची रेषा तिच्या कितीतरी पट भक्कम. ओळींच्या पातळीवर, म्हणजे कोणी कोणाची लिहिलेली ओळ बदलली यावरून जाळं काढणारं गिट-टू-नेट नावाचं साधन 2019 मध्ये झुरिचच्या संशोधकांनी खुलं केलं. वेळ असेल तर ते वापरून बघा. मला ही पातळी सर्वांत प्रामाणिक वाटते.

फाइलीच वापरायच्या असतील, तर तीन बंधनं पाळा. एक, रेषेला वजन द्या. मार्क न्यूमन यांनी 2001 मध्ये शास्त्रज्ञांच्या सहलेखनाचं जाळं अभ्यासताना वापरलेली युक्ती इथे चपखल बसते : एका कामावर माणसं जितकी, त्यातून एक वजा करून उरलेल्या संख्येने भागा. दोघांच्याच फाइलमधली रेषा 1 वजनाची, चाळीस जणांच्या फाइलमधली 1/39 वजनाची. पॅचेसची फाइल आपोआप गप्प बसते. दोन, काळाची चौकट घाला. समजा, विक्रीच्या बिलाच्या फाइलला एकीने जानेवारीत हात लावला, दुसऱ्याने मार्चमध्ये आणि तिसऱ्याने चार वर्षांपूर्वी. नव्वद दिवसांची चौकट घेतली तर पहिल्या दोघांत रेषा येते, तिसरा बाहेर राहतो. तसंच हवं. तीस, नव्वद आणि एकशे ऐंशी अशा तिन्ही चौकटी लावून पाहा. निष्कर्ष चौकटीसरशी बदलत असेल तर तो अजून निष्कर्ष नाही. तीन, घाऊक फेरबदल वगळा. संपूर्ण कोडची मांडणी एकसारखी करणं, परवान्याच्या ओळी बदलणं अशा कमिटमध्ये एक माणूस एका दिवशी शेकडो फाइलींना स्पर्श करतो आणि जाळ्यात सगळ्यांचा मित्र होऊन बसतो. ईआरपीनेक्स्टच्या रिपॉझिटरीत अशा कमिटची यादी ठेवणारी स्वतंत्र फाइल आहे, कारण ओळ कोणाची हे शोधताना खुद्द तिथल्या प्रोग्रामरांनाही त्यांचा त्रास होतो. ती यादी सरळ उचला.

प्रकल्पाची सीमा कुठे आखायची हाही विचार करा. ईआरपीनेक्स्टच्या चौदाव्या आवृत्तीत, 2022 साली, मनुष्यबळ आणि पगाराचा भाग वेगळ्या ॲपमध्ये गेला, भारतीय जीएसटीचा भागही ‘इंडिया कंप्लायन्स’ या वेगळ्या ॲपमध्ये गेला. मूळ रिपॉझिटरीच पाहणाऱ्याला वाटेल की त्या सुमारास बरीच माणसं काम सोडून गेली. त्यातली पुष्कळशी शेजारच्या खोलीत बसून तेच काम करत होती.

इस्पितळांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सीमा आणखी फसवी असते. नागपूरहून हावडा मार्गावर बिलासपूर लागतं. त्याच्याजवळच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं रुग्णालय आहे. तिथल्या गरजेतून थॉटवर्क्सच्या चमूने ‘बाह्मनी’ ही रुग्णालय-प्रणाली उभी केली. ती खुली आहे, पण ती एकटी नाही. रुग्णांच्या नोंदींसाठी तिच्या पोटात ओपनएमआरएस आहे, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस, हिशेब आणि साठ्यासाठी ओडू. बाह्मनीच्या एका रिपॉझिटरीत चारच माणसं सक्रिय दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही आणि पन्नास दिसली म्हणून निर्धास्त व्हायचंही नाही. तुमच्या इस्पितळाला ज्या भागाची रोज गरज पडणार, तो भाग यातल्या कोणत्या प्रकल्पातून येतो ते आधी शोधा आणि जाळं त्या प्रकल्पाचं काढा.

जाळं तयार झालं की वाचायचं काय? पहिली गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी भेटेल : छोटा गाभा आणि मोठा काठ. अपाची वेब सर्व्हरवर मॉकस, फिल्डिंग आणि हर्ब्सलेब यांनी केलेल्या गाजलेल्या अभ्यासात सुमारे 400 जणांनी कोड दिला होता, पण 80 टक्क्यांहून अधिक बदल वरच्या 15 जणांचे होते. त्यामुळे ‘गाभा लहान आहे’ हा शोध नव्हे. तो किती लहान, हे विचारा. 2016 मध्ये गिटहबवरच्या 133 लोकप्रिय प्रकल्पांचा अभ्यास झाला. किती माणसं गेली तर प्रकल्प अडेल, हा आकडा त्यातल्या 65 टक्के प्रकल्पांत दोन किंवा त्याहून कमी निघाला. व्यवस्थापकांनी मनात ठेवावा असा हा आकडा आहे.

दुसरी गोष्ट दुव्यांची. दोन गटांच्या मधल्या वाटेवर कोण उभं आहे हे मोजायचं ‘बिटवीननेस’ हे माप लिंटन फ्रीमन यांनी 1977 मध्ये मांडलं. त्या मापात वर येणारी व्यक्ती कमिटच्या संख्येत फार मागे असू शकते. ईआरपीनेक्स्टमध्ये माल गोदामातून निघाला की साठ्याची नोंद होते आणि त्याच क्षणी हिशेबाच्या खात्यावरही नोंद पडू शकते. म्हणजे ‘स्टॉक’ आणि ‘अकाउंट्स’ हे दोन फोल्डर वेगळे असले तरी व्यवहारात एकाच धाग्याचे. दोघांचा सामायिक तर्क ‘कंट्रोलर्स’ या फोल्डरमध्ये आहे. या तीन जागा ओलांडून काम करणारी माणसं किती आणि कोण, हे पाहा. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच म्हटलं होतं, की संस्थेतल्या संवादाची रचना तिने घडवलेल्या प्रणालीत उमटते. जिथे कोड जोडलेला आहे आणि माणसं जोडलेली नाहीत, तिथे चुका शोधा. नवीन येणाऱ्या विद्यार्थिनीनेही याच दुव्यांकडे पाहावं. ज्याच्या नावे सर्वाधिक कमिट आहेत त्याच्यापेक्षा अनोळखी लोकांचे बदल नियमित तपासणारी व्यक्ती तिला लवकर उत्तर देईल.

गट शोधण्यासाठी लूव्हाँ ही 2008 ची पद्धत सर्वत्र वापरली जाते. तिच्यातले दोष दूर करणारी लायडन पद्धत 2019 मध्ये आली, ती घ्या. पण एक लक्षात ठेवा, या पद्धती कुठल्याही जाळ्यात गट काढून दाखवतात, अगदी चिठ्ठ्या टाकून बनवलेल्या जाळ्यातसुद्धा. म्हणून प्रत्येकाच्या रेषांची संख्या तीच ठेवून रेषा इकडच्या तिकडे करा, असं हजारभर वेळा करा, आणि खऱ्या जाळ्यातली गटबाजी त्या यादृच्छिक जाळ्यांपेक्षा ठळक आहे का ते ताडून पाहा. विद्यार्थ्यांच्या अहवालांत नेमका हाच भाग नसतो. परीक्षकांनी तो मागायला हवा.

काही गोष्टी कोणत्याही नोंदीत नसतात. एकाच कचेरीत शेजारी बसणारे दोघं चहा पिताना जे ठरवतात त्याची कमिट होत नाही. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये भरलेल्या जीएनयुनिफायसारख्या मेळाव्यांत जुळलेल्या ओळखी, फोनवरची मदत, नवख्याला दिलेला धीर, यातलं काहीच गिटमध्ये उतरत नाही. कंपनीच्या पाठबळावर चालणाऱ्या प्रकल्पात हे अदृश्य सहकार्य फार मोठं असतं. दस्तऐवज लिहिणारे, वापरकर्त्यांच्या शंकांना उत्तरं देणारे लोक कोडच्या जाळ्यात काठावर फेकले जातात, प्रत्यक्षात त्यांच्याविना प्रकल्प चालत नाही. त्यांना ‘निष्क्रिय’ म्हणू नका.

नमुना दिसला म्हणजे हेतू कळला असंही नाही. 2024 च्या मार्चमधलं एक्सझेड प्रकरण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावं. फाइली आकुंचित करणारी ही छोटी लायब्ररी लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर असते. लासे कॉलिन हे तिचे एकटे मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारे, थकलेले. ‘जिया टॅन’ या नावाने 2021 पासून कोणीतरी उपयोगी बदल पाठवू लागलं, हळूहळू विश्वास मिळवला, स्वतः मेंटेनर झालं आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन होताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, त्याने पाठपुरावा केला आणि 29 मार्चला प्रकार जाहीर केला. आता आपलं माप तिथे लावून पाहा. एका माणसावर तोललेला प्रकल्प दोन माणसांचा झाला होता. आकड्यांनुसार त्याची तब्येत सुधारत होती! जाळ्याने खरं सांगितलं असतं ते एवढंच, की हा प्रकल्प दीर्घकाळ एकट्याच्या खांद्यावर आहे. तो इशारा वेळेवर ऐकून कॉलिन यांच्या मदतीला कोणी ओळखीचं गेलं असतं, तर अनोळखी मदतनिसाला इतकी जागा मिळाली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून जाळं माणसांना प्रतवारी लावण्यासाठी वापरू नका. कोणाची बढती, कोणाची निवड यासाठी तर मुळीच नको. अहवाल छापताना ईमेल काढून टाका आणि गरज नसेल तिथे नावांऐवजी क्रमांक द्या. नोंदी सार्वजनिक आहेत हे खरं, पण त्या लोकांनी कोड देण्यासाठी नाव लिहिलं होतं, तुमच्या तक्त्यात चौथं येण्यासाठी नव्हे.

तुम्ही आज सुरुवात करणार असाल तर एक विनंती. संपूर्ण प्रकल्प घेऊ नका. ईआरपीनेक्स्टचा फक्त ‘स्टॉक’ फोल्डर घ्या, गेले तीन महिने घ्या, बॉट वगळा आणि उरलेल्या माणसांचं जाळं आधी कागदावर हाताने काढा. प्रत्येक रेषेमागची कमिट उघडून वाचा. मग प्रोग्राम लिहा आणि त्याचं उत्तर तुमच्या कागदाशी जुळतं का पाहा. जे निघेल ते त्या जाळ्यातल्या निदान दोघा-तिघांना पाठवून विचारा, की हे तुम्हाला पटतं का. ओपन सोर्समधली माणसं अशा प्रश्नांना बहुधा उत्तर देतात, आणि ‘आमचा असा गट नाहीच’ असं उत्तर आलं तर अहवाल थांबवून रेषेची व्याख्या पुन्हा तपासा.